फवाऱ्याची मुदतवाढ

झुलालनानांनी डबी कानाशी नेली, दोनदा हलवली आणि टेबलावर परत ठेवली.

"ताई, ही भरलेली आहे," ते म्हणाले.

"भरलेलीच आहे," कुंदाबाई म्हणाल्या. "मुदत संपलीये तिची. तुमच्याच ऑफिसचं पत्र आलंय ना, जुनी डबी जमा करा आणि नवी घेऊन जा म्हणून?"

"जुनी म्हणजे वापरलेली. ही तुम्ही वापरलेलीच नाही. न वापरलेल्या वस्तूच्या बदल्यात नवी वस्तू मी कशी देऊ? उद्या कुणी कोरा झाडू घेऊन येईल आणि म्हणेल, द्या दुसरा कोरा झाडू."

कुंदाबाई पहाटे भडगावहून निघालेल्या. यष्टीत उभ्यानं जळगाव गाठलेलं, अर्ध्या दिवसाची रजा घातलेली, आणि समोर हा झाडू. झुलालनाना बावीस वर्षं त्या कार्यालयाचं भांडार सांभाळत होते आणि बावीस वर्षं त्यांचा नियम एकच होता. झाडू हवा तर जुन्या झाडूचा बुडखा आणा. बल्ब हवा तर उडालेला बल्ब आणा. बॅटरीचे सेल हवे तर संपलेले सेल आणा, आणि ते खरोखर संपलेत का हे नाना स्वतःच्या बॅटरीत घालून बघत. भांडाराच्या एका कोपऱ्यात छतापर्यंत बुडखे रचलेले होते. त्या बुडख्यांचं पुढं काय करायचं हे कुणालाच माहीत नव्हतं, पण नानांनी एकही फेकला नव्हता.

कार्यालयाचं नाव सांगत नाही. सांगितलं की तिथून खुलासा मागणारं पत्र येतं, आणि त्या कार्यालयाच्या पत्रानं काय होतं तीच ही हकीकत आहे.

डबी होती मिरचीच्या फवाऱ्याची. बोटभर जाडीची, वीतभर उंचीची, वर लाल बटण. तीन वर्षांपूर्वी जळगावच्या एका मंडळानं परदेशातून डझनभर डब्या आणवल्या आणि खेड्यापाड्यांत एकट्यानं फिरणाऱ्या नर्सबाईंना समारंभ करून वाटल्या; त्यांचा हिशेब आणि बदली द्यायच्या डब्या मात्र या कार्यालयाच्या भांडाराकडे सोपवल्या. कुणी अंगावर आलं तर तोंडावर फवारा मारायचा. कुंदाबाई सुरवाडे आरोग्य सेविका होत्या, त्यांना एक मिळाली. बाकीच्या अकराजणींनी डब्या कपाटात ठेवल्या असतील. कुंदाबाईंना मात्र तिची गरज होती, कारण आडखेड्याच्या वाटेवर भटू होता.

आडखेडे फाट्यापासून आत तीन किलोमीटर. मंगळवार आणि शुक्रवार लसींचा डबा खांद्याला लावून कुंदाबाई ती वाट चालत जायच्या. मध्ये नाल्यावर एक मोरी होती आणि तिच्या कठड्यावर भटू आणि त्याचे दोन सोबती बसलेले असायचे. भटू चाळिशीचा, बायकापोरांचा, दारात बैलजोडी असलेला माणूस. काही म्हणता काही कमी नाही त्याला. पण वाटेनं बाई चालली की त्याची जीभ सुटायची. काय बोलायचा ते इथं लिहिण्यासारखं नाही. बोलून झालं की सायकल हातात धरून तो पाठोपाठ यायचा, गाव दिसेपर्यंत. आणि गावात शिरला की सगळ्यांसमोर हात जोडून "रामराम बाई" म्हणायचा. या रामरामाची कुंदाबाईंना सगळ्यात जास्त चीड येई.

डबी आली आणि हे थांबलं. कुंदाबाईंनी ती एकदाही वापरली नाही. फक्त गावातल्या दाईला, तानुबाईला, दाखवली. तेवढं पुरलं. तानुबाईनं आठ दिवसांत घरोघर सांगितलं, "एक फुस कया का तीन दिन माणूस आंधळा." कुठल्याशा गावचा एक माणूस कायमचाच आंधळा झाला, असंही तिनं पदरचं घातलं. पुढच्या मंगळवारी भटू कठड्यावरून उठून शेतात निघून गेला. तीन वर्षं कुंदाबाई त्या वाटेनं मान वर करून चालल्या.

आणि मग एप्रिल अठ्ठ्याण्णवमध्ये कार्यालयाचं पत्र निघालं. पत्र नर्सबाईंना पाठवलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण पत्र म्हटलं की त्याच्या प्रती आल्या. एक प्रत ग्रामपंचायतीला, माहितीसाठी व सूचना फलकावर लावण्यासाठी. त्यात लिहिलं होतं, आरोग्य सेविका श्रीमती सुरवाडे यांचेकडील मिरची फवारा डबीची मुदत ३१ मार्च १९९८ रोजी संपली असून ती आता निरुपयोगी समजावी. अहो, कुणी समजावी? भटूनं?

भटूनं समजली. मंगळवारी तो कठड्यावर हजर होता.

"काय बाई," तो म्हणाला, "डबी मरी गयी म्हणे तुमनी."

सोबती हसले. सायकल पाठोपाठ निघाली, थेट गाव दिसेपर्यंत. तीन वर्षांचं साठलेलं भटू एका दिवसात बोलला. कुंदाबाईंचा हात पिशवीतल्या डबीवर होता, पण मुदत संपलेली डबी दाबली आणि नुसताच वारा निघाला तर काय करायचं, या विचारानं त्यांनी ती काढली नाही.

"बठ्ठा गावले माहीत पडी गयं," तानुबाई सगळ्या गावावरून हात फिरवत म्हणाली. "आते नवी डबी आना बाई, नहीतर हाऊ काय सोडाव नही तुमले."

म्हणून कुंदाबाई जळगावला आल्या होत्या. नव्या डब्या होत्या. नानांच्या पाठीमागच्या काचेच्या कपाटात अर्धा डझन नव्या कोऱ्या डब्या ओळीनं उभ्या होत्या आणि कपाटाला कुलूप होतं. कुंदाबाईंना त्या टेबलापलीकडून दिसत होत्या.

"म्हणजे मी ही रिकामी करून आणू?" त्यांनी विचारलं.

"तेच म्हणतोय मी. मला रिकामी द्या, मी भरलेली देतो. गॅसच्या टाकीचं कसं असतं? भरलेली टाकी देऊन भरलेली टाकी मागतं का कुणी?"

"पण नाना, ही रिकामी करू कुठं?"

"ते भांडाराकडे येत नाही," नाना म्हणाले आणि त्यांनी पुढच्या माणसाचा उडालेला बल्ब हातात घेतला.

रिकामी करायची कुठं, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. कुंदाबाईंनी यष्टीत बसून तासभर त्याचा विचार केला. गिरणेच्या पात्रात सोडावी तर तिथं बायका धुणं धुतात आणि पोरं डुंबतात. गटारीत सोडावी तर गटार उघडी. उकिरड्यावर नेऊन टाकावी तर कचरा वेचणाऱ्या बाईच्या हाताला लागायची. डबीवर छोटं चित्र होतं, त्यात ज्वाळा काढून त्यावर फुली मारलेली होती, म्हणजे जाळायची सोय नाही. भोक पाडायचं नाही, हेही दुसऱ्या चित्रात सांगितलेलं होतं. काय करायचं नाही ते सगळं डबीवर होतं. काय करायचं ते मात्र कार्यालयालाही माहीत नव्हतं आणि परदेशालाही.

शेवटी त्यांनी घरामागच्या मोकळ्या जागेत पत्र्याच्या डब्यात चुलीची राख भरली. डबीचं तोंड राखेत खुपसून वरून ओलं गोणपाट टाकायचं आणि बटण दाबायचं, असा बेत. नाकातोंडाला पदराच्या तीन घड्या बांधल्या. बेत चांगला होता. पण एप्रिलची दुपार होती, खानदेशातला वारा होता, आणि शेजारच्या द्रौपदाबाईंच्या गच्चीवर बिबड्या वाळत होत्या.

एप्रिलमध्ये खानदेशात कुठल्याही घराच्या गच्चीवर बिबड्याच असतात. ज्वारीचं पीठ शिजवून थापलेल्या पाऊणशे बिबड्या द्रौपदाबाईंनी पहाटे चारला उठून घातल्या होत्या. कुंदाबाईंनी बटण दाबलं. राख उडाली, गोणपाट फुगलं, आणि त्याच्या फटीतून निघालेला लालसर धूर सरळ वर गच्चीकडे गेला. पंधरावीस सेकंदांनी वरून पहिली शिंक आली.

"कुंदाताई," द्रौपदाबाई गच्चीच्या कठड्यावरून खोकत म्हणाल्या, "डासांचं औषध मारताय का हो? इथं आमचे आबा बसलेत."

आबा म्हणजे द्रौपदाबाईंचे सासरे. कावळे हाकलायला म्हणून त्यांना गच्चीवर सावलीत बसवलेलं असे आणि ते अर्धओल्या बिबड्या हळूच खात. त्या क्षणी त्यांच्या तोंडात एक होती. तासभर ते तोंड उघडं टाकून बसले, डोळ्यांतून धारा, कपाळावर घाम. कुंदाबाईंनी ताक पाजलं, डोळे धुतले, द्रौपदाबाईंचं सगळं ऐकून घेतलं. पाऊणशे बिबड्या परत घालून द्यायचं कबूल केलं आणि पुढचे दोन दिवस पहाटे उठून घातल्याही. आबा मात्र दुसऱ्या दिवशी विचारत होते की कालच्यातली एखादी उरलीय का, कारण सुनेच्या बिबड्यांना इतकी चव कधी आली नव्हती.

एवढं होऊन डबी अर्धीच रिकामी झाली. उरलेली अर्धी आता भडगावात कुठंही सोडणं शक्य नव्हतं, कारण सगळी गल्ली कुंदाबाईंच्या मागच्या दाराकडे लक्ष ठेवून होती. मधल्या शुक्रवारी आडखेड्याला जावं लागलंच. भटूची सायकल त्या दिवशी एक हात जवळ आली होती. गावात गेल्यावर लस टोचताना कुंदाबाई सारख्या दाराकडे वळून बघत होत्या. नोकरीच्या एकोणीस वर्षांत त्यांची नजर सुईवरून कधी हलली नव्हती. तानुबाईनं ते पाहिलं आणि बाळाला स्वतःच्या मांडीवर घेतलं.

सोमवारी कुंदाबाई पुन्हा जळगावात, पुन्हा त्याच टेबलासमोर.

नानांनी डबी हलवली. पुन्हा हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काळजी दिसली.

"ताई, ही अर्धी आहे."

"हो, अर्धी आहे. शेजाऱ्यांच्या म्हाताऱ्याला मारता मारता वाचवलं मी. आता हिला जमा करा आणि मला नवी द्या."

"भरलेली असती तर परत नेली असतीत. रिकामी असती तर मी ठेवून घेतली असती. अर्धीचं मी काय करू? बावीस वर्षांत कुणी अर्धा उडालेला बल्ब आणला नाही माझ्याकडं."

कुंदाबाईंचा आवाज चढला. त्या म्हणाल्या की तुमच्या कपाटात सहा डब्या नुसत्या उभ्या आहेत आणि माझ्या मागे रस्त्यावर माणूस चालतो. ती डबी मला शोभेला नकोय. तुमच्या घरची बाई त्या वाटेनं जात असती तर तुम्ही बुडखा मागितला असता का? नाना वाईट माणूस नव्हते. त्यांनी मान खाली घातली, मग डबी उचलली आणि कुंदाबाईंना घेऊन ते साहेबांकडे गेले.

साहेबांचं नाव अभिमन भामरे. त्यांनी सगळं ऐकलं, डबी उलटीसुलटी केली आणि म्हणाले, "यात अवघड काय आहे? वस्तू निरुपयोगी आहे असा दाखला समितीनं दिला की भरलेली, अर्धी, रिकामी, कशीही जमा होते. तीन माणसांची समिती लागते. मी, नाना आणि हेडक्लार्क. आत्ताच चाचणी घेऊन टाकू."

"चाचणी कशी घेणार साहेब?" कुंदाबाईंनी विचारलं.

"मारून बघायची. काही झालं नाही म्हणजे निरुपयोगी."

"मग बाहेर मैदानात जाऊन मारा. वारा बघून."

"बाहेर लोक उभे आहेत बाई. अधिकारी मैदानात उभे राहून फुसफुस करताहेत, बरं दिसतं का ते? इथंच करू. दार लावून घ्या, नाना."

"साहेब, माझं ऐका. शुक्रवारच्या आदल्या दिवशी मी हीच मारली, तर गच्चीवरचा माणूस—"

"बाई," साहेब शांतपणे म्हणाले, "मुदत संपली असून ती निरुपयोगी समजावी, असं पत्र या कार्यालयानं काढलंय. त्यावर सही माझी आहे. मीच निरुपयोगी म्हटलेल्या वस्तूला मीच घाबरू का?"

कुंदाबाई खोलीबाहेर गेल्या, दार ओढून घेतलं आणि पदराच्या तीन घड्या केल्या. मग शिपाई झिपरूला त्यांनी सांगितलं, "भाऊ, दोन बादल्या गार पाणी आणून ठेव. आणि समोरच्या डेअरीतून दूध आण, थंड." झिपरूनं कशाला म्हणून विचारलं नाही. बाईंचा चेहरा पाहून तो निघाला.

आत काय झालं ते नंतर तिघांनीही थोडं थोडं सांगितलं. पंखा पाचवर होता. साहेब खुर्चीत, हेडक्लार्क कागद आणि पेन घेऊन बाजूला. नानांनी डबी भिंतीकडे धरली. एकदा दाबलं असतं तरी चाचणी झाली असती. पण नानांच्या डोक्यात भांडार होतं. आता ही पूर्ण रिकामी झाली तर दाखल्याचीही कटकट नको, सरळ जमा करून घेता येईल, असा विचार करून त्यांनी बटण दाबलं ते सोडलंच नाही. फवारा भिंतीवर आपटला, पंख्यानं तो उचलला आणि समितीला समान वाटून दिला.

पहिल्यांदा हेडक्लार्क बाहेर आले, पेन हातात तसंच. त्यांच्या पाठीमागे नाना, भिंतीला चाचपडत. साहेब दाराऐवजी फायलींच्या कपाटाकडे गेले होते. त्यांना कुंदाबाईंनी आत जाऊन हाताला धरून आणलं. तोवर धूर व्हरांड्यात आला. टंकलेखन थांबलं, कॅन्टीनवाला चहाची किटली तिथंच ठेवून पळाला, दाखल्यांसाठी सकाळपासून रांगेत उभे असलेले लोक रांग मोडून फाटकाबाहेर गेले. दहा मिनिटांत सगळं कार्यालय आवारातल्या निंबाखाली उभं राहून खोकत होतं.

कुंदाबाईंनी साहेबांना बाकावर आडवं केलं आणि त्या डोळ्यांवर पाणी सोडू लागल्या.

"चोळू नका. नुसती उघडझाप करा."

"बाई, मला दिसत नाहीये."

"दिसेल साहेब. मुदत संपलेली आहे ती."

कुंदाबाईंनी एकामागून एक सगळ्यांचे डोळे धुतले. नानांच्या तोंडाला दुधाचा बोळा लावला. त्यांना या तिघांचा राग आला होता आणि कीवही येत होती, पण हात आपलं काम करत होता. चार वाजता सगळे सुजलेल्या डोळ्यांनी परत आपापल्या खुर्च्यांवर बसले आणि समितीनं अहवाल लिहायला घेतला. कुंदाबाईंना वाटलं, आता तरी नवी डबी मिळणार. इतकं सगळं स्वतः सोसल्यावर कोण नाही म्हणेल?

साहेबांनी अहवाल त्यांच्या हातात दिला. त्यांनी वाचला. त्यात असं लिहिलं होतं:

"सदर फवारा बंद खोलीत मारला असता समितीचे तीनही सदस्य तत्काळ खाली बसले व त्यापैकी एक आडवा झाला. दोन तास कोणासही स्पष्ट दिसले नाही. सबब सदर डबी पूर्णपणे कार्यक्षम असून तिची मुदत ३१ मार्च २००० पर्यंत वाढविण्यात येत आहे. नवीन डबी देण्याची आवश्यकता नाही."

खाली तीन सह्या होत्या. शिक्का होता. साहेबांची सही जरा वाकडी आली होती.

कुंदाबाईंनी तो कागद दोनदा वाचला. "साहेब, पण ती आता रिकामी आहे. नानांनी सगळी मारली."

"समितीपुढं प्रश्न मुदतीचा होता, बाई. डबीत किती आहे हा विषय समितीपुढं नव्हता."

"बरं. मग नाना, आता रिकामी आहे ना? तुम्हाला रिकामीच हवी होती. घ्या जमा, द्या नवी."

नानांनी लाल डोळ्यांनी आधी डबीकडे पाहिलं, मग कागदाकडे. त्यांना मनापासून ती जमा करून घ्यायची होती. "ताई," ते म्हणाले, "पूर्णपणे कार्यक्षम वस्तू मी जमा कशी करून घेऊ?"

कुंदाबाई तिथंच उभ्या राहिल्या आणि जे बोलायचं ते बोलल्या. भरलेली आणली तर रिकामी हवी, अर्धी आणली तर दाखला हवा, दाखला केला तर डबी चांगली, आणि चांगल्या डबीत काही नाही. मला एक सांगा, मी त्या वाटेवर काय करू? तुमचा अहवाल मारू त्याच्या तोंडावर? साहेबांनी टेबलावरचा पेपरवेट इकडचा तिकडं केला. हेडक्लार्कनी नाक पुसलं. तिकडे भांडारात काचेच्या कपाटात सहा डब्या होत्या तशाच उभ्या होत्या.

दाराशी गेलेल्या कुंदाबाई थांबल्या. त्यांनी हातातला कागद पुन्हा एकदा पाहिला. मग त्या परत वळल्या, आणि आता त्यांचा आवाज अगदी साधा होता.

"साहेब, याची एक प्रत आडखेड्याच्या ग्रामपंचायतीला जाईल का? मागचं पत्र गेलं होतं तसंच. फलकावर लावण्यासाठी."

साहेबांचा चेहरा खुलला. दिवसभरात कुणीतरी पहिल्यांदाच त्यांच्याकडं असं काही मागितलं होतं जे त्यांना देता येत होतं. "का नाही? प्रत आजच रवाना करतो. नाना, दोन प्रती पाठवा."

प्रत पोहोचायला वेळ मिळावा म्हणून मंगळवारची फेरी टाळून शुक्रवारी कुंदाबाई फाट्यावर उतरल्या तेव्हा त्यांना भीती वाटत नव्हती असं नाही. पिशवीतली डबी इतकी हलकी झाली होती की तिचा भारच लागत नव्हता. प्रत पोहोचली की नाही, लावली की नाही, काहीच माहीत नव्हतं. मोरी आली. कठड्यावर भटू होता, दोघं सोबती होते. कुंदाबाईंनी डबी काढून हातात धरली आणि ती चुकूनही हलू दिली नाही, कारण हलवली की रिकामी ओळखता येते हे त्या नानांकडून शिकल्या होत्या.

भटू उठून उभा राहिला. "बाई," तो म्हणाला, "तीन साहेब आडवा व्हयी गयात म्हणे. खरं शे का?"

"एकच आडवा झाला. दोघं नुसते खाली बसले," कुंदाबाई म्हणाल्या. "बोर्डावर लिहिलंय ना सगळं? नीट वाचत जा."

भटूनं सायकल नाल्याच्या बाजूनं घेतली आणि सोबत्यांसह तो मोकळ्या रानातून निघून गेला. त्या दिवशी लस टोचताना कुंदाबाईंनी एकदाही दाराकडे पाहिलं नाही. बोर्डावर प्रती दोन लागल्या होत्या, आणि ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना तानुबाई तोंडी सांगत होती. तिच्या सांगण्यात साहेबांची संख्या सातवर गेली होती.

इथं ही हकीकत संपायला हरकत नव्हती. पण जुलैत, शाळा-कॉलेजं सुरू झाल्यावर, भटू एकटाच आडखेड्याच्या आरोग्य उपकेंद्राच्या दाराशी येऊन उभा राहिला. टोपी हातात, नजर पायाशी. कुंदाबाई रजिस्टर मिटून त्याच्याकडं बघत राहिल्या.

"बाई, मनी पोर आते भडगावले कॉलेजले जास," तो म्हणाला. "तठे स्टँडवर पोरे बसतस. काय काय बोलतस, मांगे मांगे येतस. पोर रडस घरमा." तो थांबला. "तिनाकरता एक डबी भेटी का? तुमले काय सांगू बाई, माणसे कशी ऱ्हातस ते."

कुंदाबाईंच्या मनात तीन वर्षांपूर्वीचं सगळं आलं, एप्रिलमधलंही आलं, गावात शिरल्यावरचे ते रामराम आले.

"मला सांगतोस तू, माणसं कशी असतात," त्या म्हणाल्या. "मला, भटू?"

भटूनं मान वर केली नाही. बाहेर तानुबाई उगाचच कुणाशी तरी बोलत उभी होती, ती दाराशी सरकली. कुंदाबाईंनी पिशवीत हात घातला आणि डबी टेबलावर ठेवली.

"घेऊन जा. पण ही रिकामी आहे, हे ऐकून ठेव. त्या दिवशी साहेबांच्या खोलीतच रिकामी झाली. तू मोरीवरून पळालास तेव्हाही रिकामीच होती. हलवून बघ."

भटूनं डबी हलवली नाही. त्यानं ती दोन्ही हातांनी उचलली आणि तोंड स्वतःपासून लांब धरलं.

"मस्करी करतस का बाई," तो म्हणाला. "कागदवर साहेबनी सही शे. शिक्का शे."

त्या दिवसापासून भटूची मुलगी स्टँडवर ती डबी हातात धरून उभी राहते, आणि वहीत अहवालाची झेरॉक्स असते. मोरीच्या कठड्यावर आता कुणी बसत नाही. कुणी बसलंच तर भटूच त्याला उठवतो. कुंदाबाई रिकाम्या हातानं आडखेड्याला जातात. नव्या डबीसाठी त्यांनी पुन्हा अर्ज केला होता, त्याला झुलालनानांचं उत्तर आलं की आधी जुनी डबी जमा करावी. जुनीची मुदत संपायला अजून एक वर्ष आठ महिने आहेत.